ज्याने मोडलं त्याने फोन करावा

चौदा वर्षं झाली तरी चौकटीचा आकडा काही एकावर येत नव्हता. ०.४५ झाली, ०.४६ झाली, दोन महिन्यांपूर्वी ०.४७ झाली. घरी आलेल्या एखाद्या पाहुण्याने कौतुकाने विचारलं, की तुमच्या त्या सॉफ्टवेअरची कितवी आवृत्ती चालू आहे, तर सूनबाईने तोंड उघडायच्या आत तिचा नवरा सांगून मोकळा व्हायचा, "अजून शून्यच चालू आहे." त्याचं काम लिफ्ट दुरुस्त करण्याचं. लिफ्टमध्ये शून्य म्हणजे तळमजला, आणि चौदा वर्षं तळमजल्यावरच दाराची उघडझाप करणाऱ्या लिफ्टबद्दल कुणालाही जे वाटेल तेच त्याला चौकटीबद्दल वाटायचं.

चौकट म्हणजे वेबसाइट बांधायचं तयार सामान. दार कुठे, खिडकी कुठे, आत आलेल्या माणसाला कोणत्या खोलीत न्यायचं, हे सगळं तिच्यात आधीच ठरलेलं. तुम्ही फक्त आपला मजकूर आणून मांडायचा. ती लिहिली आबांनी. आबा म्हणजे सूनबाईचे सासरे, तंत्रशाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेले. शाळेचं वेळापत्रक वेबसाइटवर दिसावं एवढ्यासाठी त्यांनी हा खटाटोप केला, आणि झाल्यावर कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सगळा कोड जगासाठी उघडा ठेवला. पडलाही उपयोगी. कुणी तो बियाणांच्या दुकानासाठी उचलला, कुणी आकाशदर्शनाच्या मंडळासाठी, कुणी पियानो दुरुस्तीच्या धंद्यासाठी. पुढे पुढे दूरदूरचे दहा-बारा जण आपणहून दुरुस्त्या पाठवायला लागले. त्यांतल्या एकाचंही तोंड आबांनी कधी पाहिलं नव्हतं, पण कोण स्वल्पविराम विसरतो आणि कोण रविवारी काम करत नाही हे त्यांना पाठ होतं.

सूनबाई या घरात आली तीच मुळी प्रोग्रामरची नोकरी करणारी. लग्नाला दोन महिने झाले नसतील, तेव्हा जेवताना तिने आबांना सांगितलं, की तुमच्या कोडमध्ये तारखांचं गणित चुकतंय, लीप वर्षात फेब्रुवारी संपतच नाही. नवऱ्याने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. आबांनी हातातला घास खाली ठेवला, हात धुतले, आत जाऊन बघून आले आणि म्हणाले, की बरोबर आहे, आता तूच दुरुस्त कर. त्या दिवसापासून चौकटीत आबांच्या खालोखाल तिचा शब्द. याला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात दोघं भांडली नाहीत असा आठवडा गेला नाही, आणि भांडण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं असंही कधी झालं नाही.

दोघांची कामाची खोली म्हणजे सासूबाईंची शिवणाची खोली. त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या शिलाई मशीनचं डोकं उतरवून आबांनी त्या टेबलावर आपला कॉम्प्युटर मांडला, पण खालचं पायडल तसंच राहिलं. आबा विचारात पडले की त्यांचा पाय पायडलवर चालायला लागायचा. स्वयंपाकघरात सूनबाईला खटखट ऐकू आली की ती समजायची, सासऱ्यांना काहीतरी सुधारायची लहर आली आहे. आणि हातातलं काम टाकून ती त्या खोलीकडे धावायची.

धावण्याचं कारण असं. आकड्याच्या आधी शून्य असलं की त्याचा अर्थ या धंद्यात ठरलेला आहे: खुशाल वापरा, पण पुढच्या खेपेला तुमचं काही बंद पडलं तर आमच्या नावाने बोटं मोडू नका. एकदा एक झाला की मात्र शब्द दिल्यासारखं होतं. आज तुम्ही जे लिहाल ते उद्याही चालेल. आबा या शून्याचा पुरेपूर फायदा घ्यायचे. एखाद्या आज्ञेचं नाव त्यांना आवडेनासं व्हायचं, एखाद्या कंसातल्या दोन गोष्टींचा क्रम डोळ्यांना खुपायचा, की ते बदलून टाकायचे, आणि जगात ज्यांनी ज्यांनी ती आज्ञा जुन्या नावाने लिहिली होती त्यांची पानं धडाधड कोरी व्हायची.

बरं, आबा बेजबाबदार होते म्हणावं तर तेही नाही. चौकटीत हातभार लावणाऱ्यांसाठी त्यांनी सतरा कलमांची नियमावली लिहिली होती, आणि तिच्यातलं चौथं कलम दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात असल्याचं सूनबाईच्या ऐकिवात नव्हतं. ज्याने मोडलं त्याने फोन करावा. म्हणजे ज्याच्या बदलामुळे जुन्या साइटचं काही बंद पडणार असेल, त्याने त्या साइटवाल्याला स्वतः फोन करून सांगायचं, दिलगिरी व्यक्त करायची आणि काय बदलायचं ते समजावून द्यायचं. मेल चालणार नाही, निरोप चालणार नाही. आता ही दूरदूरची दहा-बारा मंडळी अशी, की हजारो ओळींचा कोड एका बैठकीत उलटापालटा करायला सांगा, डोळ्यांची पापणी हलणार नाही; पण अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की घाम फुटायचा. त्यामुळे त्यांनी चौदा वर्षांत कुणाचं काही मोडलं नाही. मोडायचे ते एकटे आबा.

त्यासाठी त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात सत्तावीस साइटवाल्यांची नावं, फोन नंबर आणि समोर बारीक अक्षरात टिपणं. कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाची लेक परीक्षेला बसलीय, कुणाला दुपारी फोन केलेला चालत नाही. नवी आवृत्ती निघाली की आबा धुतलेला शर्ट घालून फोनला बसायचे. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे फोनचा स्पीकर कायम चालू, म्हणून ही सत्तावीस माणसं सगळ्या घराच्या ओळखीची झाली होती. आधी दिलगिरी, मग कोणत्या ओळीत काय बदलायचं, यात सात मिनिटं जायची. त्यानंतरची चाळीस मिनिटं बियाणांवर, ग्रहणांवर आणि गुडघ्यांवर. पुरे आठ दिवस हा कार्यक्रम चालायचा.

असं सगळं मजेत चाललेलं असताना महिन्याच्या तीन तारखेला रक्तपेढीतल्या बाईंची मेल आली.

चौकट वापरणाऱ्यांत रक्तपेढी सगळ्यांत मोठी. तिच्या अकरा शाखा, आणि कोणत्या रुग्णालयाला कोणत्या गटाच्या किती पिशव्या हव्यात ते सगळं चौकटीवर बांधलेल्या पानांवर चालायचं. तिथलं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या बाई शांत स्वभावाच्या होत्या, कधी चढ्या आवाजात बोललेल्या नाहीत. मेलही तशीच मऊ. वर्षात सहा वेळा आम्हाला आमची पानं बदलावी लागली, त्यांनी लिहिलं होतं. आमच्या विश्वस्तांनी ठरवलंय, या महिन्याच्या अखेरीपर्यंत चौकटीची १.० आली तर राहायचं, नाही तर दुसरीकडे जायचं. तुमच्यावर राग मुळीच नाही. आबांना नमस्कार सांगा.

सूनबाईने ती मेल तीनदा वाचली. रक्तपेढी गेली तर मागे उरणार ती छोटी छोटी दुकानं, आणि दुरुस्त्या पाठवणारे निम्मे लोक तरी रक्तपेढी आहे म्हणूनच टिकून होते. म्हणजे रक्तपेढीपाठोपाठ चौकटही हळूहळू आटोपणार, आणि चौकट गेली तर आबा सकाळी उठून करणार काय, हे तिच्याने डोळ्यांपुढे आणवेना. तिने आबांना मेल वाचून दाखवली आणि तीस तारखेला १.० काढायची असं सांगितलं. काढूया की, आबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की तिला तिथेच शंका यायला हवी होती.

१.० चा माइलस्टोन, म्हणजे ती काढण्याआधी उरकायच्या कामांची यादी, चौकटीच्या पानावर पाच वर्षं उभी होती. एक्केचाळीस कामं. सूनबाईने नोकरीवरून सुट्टी काढली, पदर खोचला आणि ती एकेक काम खोडायला लागली. आबांनीही कंबर कसली. चौदा कामं त्यांनी एकट्यांनी संपवली, त्यातली तीन तर अशी होती की तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. बावीस तारखेला यादी रिकामी झाली. तिने जाहीर केलं, की आता फक्त चाचणी, यापुढे एक अक्षर बदलायचं नाही. आणि तेवीस तारखेला सकाळी तिला पायडलची खटखट ऐकू आली.

पान दाखवणारी जी आज्ञा होती, जी प्रत्येक साइटच्या प्रत्येक पानात असते, तिच्या कंसातला क्रम आबांनी उलटा केला होता.

"आबा, हे काय केलंत?"

"शीर्षक आधी, मजकूर नंतर. वाचताना डोळा तसाच जातो. चौदा वर्षं उलटं होतं."

"चौदा वर्षं चाललं ना पण?"

"चालणं वेगळं, बरोबर असणं वेगळं. एकदा १.० झाली की कायमचं चुकीचंच राहणार."

गंमत अशी, की त्यांचं म्हणणं खरंच होतं. शीर्षक आधीच हवं होतं. पण आता ते केलं तर सगळ्यांची सगळी पानं मोडणार आणि रक्तपेढी हात जोडून निरोप घेणार. सूनबाईने त्यांचा बदल मागे घेतला आणि मुख्य कोडला कुलूप लावलं. जेवताना आबा एवढंच म्हणाले, की माझा बदल आत गेल्याशिवाय सही मिळणार नाही.

आता ही सही म्हणजे मोठीच अडचण. चौकटीच्या प्रत्येक आवृत्तीवर आबांची डिजिटल सही लागायची, ती असल्याशिवाय साइटवाल्यांची यंत्रं नवी आवृत्ती आत घेतच नसत. सहीसाठी अकरा शब्दांचं एक परवलीचं वाक्य होतं, ते फक्त आबांना ठाऊक. ते टाइप करताना खोलीतल्या माणसाने खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, असा रिवाज होता. दुसरी सही तयार करून ठेवूया म्हणून ती गेली चार वर्षं मागे लागली होती आणि आबा उद्या बघू म्हणत आले होते.

तीस तारखेपर्यंत आबांचं मन वळेल अशी आशा धरून तिने चाचणी पुढे चालू ठेवली. नवी आवृत्ती खऱ्या साइटींवर चालवून बघायला हवी होती, म्हणून तिने वही मागितली. वही आबांच्या कोपराखालीच होती, तरी त्यांनी ती थोडा वेळ कपाटात शोधली. मग दिली, आणि फिरायला निघून गेले.

पहिला फोन तिने बियाणंवाल्यांना लावला. चाचणीची आवृत्ती पाठवते, तुमच्या साइटवर चालवून सांगाल का, असं विचारलं. त्यांनी हळूच उलट विचारलं, की ताई, आबा जवळपास आहेत का? नाहीत म्हटल्यावर त्यांनी सांगून टाकलं, की त्यांची साइट चार वर्षांपूर्वीच चौकटीवरून हलवली. दर दोन महिन्यांनी पानं बदलत बसणं भाच्याला जमेना, त्याने दुसरं काहीतरी घेतलं. मग आबा फोनवर बदल सांगायचे तेव्हा तुम्ही काय करायचात, तिने विचारलं. लिहून घ्यायचो, ते म्हणाले. मनापासून सांगायचे ते, मध्येच कसं थांबवणार? आणि एकदा ते झालं की मग बोलता यायचं.

तिला वाटलं, हे एखादंच प्रकरण असेल. तिने आकाशदर्शन मंडळाच्या चिटणीसांना फोन केला. ते पाच वर्षांपूर्वीच चौकट सोडून गेले होते. चालण्याचा क्लब चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाई तीन वर्षांपूर्वी. नर्सबाईंनी तर तिच्याकडून वचनच घेतलं, की आबांना यातलं काही कळता कामा नये. संध्याकाळपर्यंत तिने वहीतले सत्तावीसच्या सत्तावीस नंबर फिरवले. चौकट अजून वापरत होते ते आठ. एकोणीस जण कधीच सोडून गेले होते आणि एकानेही आबांना पत्ता लागू दिला नव्हता.

शेवटचा फोन पियानो दुरुस्त करणाऱ्यांचा. तेही सोडून गेलेल्यांतलेच. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "१.० आली म्हणजे आता काही मोडणार नाही?"

"नाही. तोच तर तिचा अर्थ."

"मग आबा आम्हाला फोन कशाला करतील?"

सूनबाईने फोन ठेवला. मग तिने चौकटीचा सगळा इतिहास उघडला. पहिली आठ वर्षं: अकरा आवृत्त्या, त्यातल्या तीन जुन्याचं मोडणाऱ्या. पुढची सहा वर्षं: छत्तीस आवृत्त्या, छत्तीसच्या छत्तीस मोडणाऱ्या. सासूबाई गेल्या त्यानंतरच्या दीड महिन्यात पहिली आली होती. त्यानंतर दर दोन महिन्यांनी एक, घड्याळ लावल्यासारखी. आबांना चौकट बरोबर करायची होती हे खरंच होतं. पण प्रत्येक खेपेला जे बरोबर करायचं त्यांना सुचलं, ते नेमकं फोन करावा लागेल असंच होतं. नऊ वर्षं ती या माणसाचा कोड ओळीओळीने तपासत आली होती आणि एवढी ठळक गोष्ट तिला दिसली नव्हती. तिला आबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि मग नुसतंच रडू आलं.

आबांना गप्प करणं आता अगदी सोपं होतं. ज्यांच्यासाठी तुम्ही मोडताय ते तिथे नाहीतच, एवढं एक वाक्य बोलायचं की सही मिळाली असती. ते वाक्य घेऊन ती दोन दिवस घरात वावरली. आबांना पाणी देताना ते जिभेवर यायचं आणि ती ते गिळायची. शेवटी तिने ठरवलं, रक्तपेढी गेली तरी चालेल, पण हे आपल्या तोंडून जायचं नाही.

एकोणतीस तारखेला सकाळी तिने वेगळाच डाव टाकला. आबांच्या शेजारी खुर्ची ओढून ती म्हणाली, की चौथं कलम थोडं वाढवूया. मोडलं तर फोन आहेच, पण काही मोडलं नाही तरी दर तीन महिन्यांनी सगळ्यांना एकेक फोन करायचा. सगळं ठीक चाललंय ना, विचारायचं. मोठमोठ्या कंपन्या असंच करतात, असंही तिने ठोकून दिलं.

आबांनी चष्मा काढला. "कुणी करायचा?"

"तुम्हीच. वहीतल्या सगळ्यांना तुमचा आवाज ओळखीचा आहे."

"मला काम काढून देतेस होय?"

तिने खुर्ची आणखी थोडी जवळ सरकवली.

"सूनबाई, कारण नसताना फोन करणारे म्हातारे मी पाहिलेत. माझा मोठा भाऊ करायचा मला. मी हो हो म्हणायचो आणि घड्याळाकडे बघायचो. मला तसलं व्हायचं नाही."

तुमच्या बाबतीत तसं नाही, ते तुमच्या फोनची वाट बघतात, असं तिला सांगायचं होतं. पण ते कशावरून, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. ती टेबलाची कड नखाने खरवडत बसली.

आबांचा पाय पायडलवर चालू होता. त्यांनी विचारलं, "रक्तपेढीवाल्या बाईंना मागच्या बदलाला किती वेळ लागला गं?"

आता मात्र ती खोटं बोलली नाही. "तीन दिवस. दोन माणसं बसली होती. तोवर अकरा शाखांचं सगळं चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर टाचत होते आणि रुग्णालयांना एकेक फोन करून विचारत होते."

"मला म्हणाल्या, तासाभरात झालं."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, आबा."

पायडल थांबलं. आबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि कॉम्प्युटर आपल्याकडे ओढला.

"तोंड तिकडे कर," ते म्हणाले.

सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती. मागे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या, अकरा शब्दांच्या. मध्येच कुठेतरी चुकलं, आबा स्वतःशीच पुटपुटले आणि पहिल्यापासून परत सुरू झाले. शीर्षक नंतरच राहू दे, ते म्हणाले, लोकांना सवय झाली आहे. ती वळली तेव्हा पडद्यावर १.० दिसत होतं.

त्यानंतर आबांनी रक्तपेढीत एक फोन केला. त्या दिवशी तो स्पीकरवर नव्हता आणि पाच मिनिटांतच संपला. बाहेर येऊन ते म्हणाले, की चिठ्ठ्यांबद्दल माफी मागायची राहिली होती. संध्याकाळी बाईंची मेल आली: आम्ही राहतोय. दूरदूरच्या मंडळींनी इतके अभिनंदनाचे निरोप पाठवले की उत्तरं देता देता सूनबाईची पुरेवाट झाली. नवरा घरी येताना पेढे मिळाले नाहीत म्हणून केक घेऊन आला आणि लिफ्ट एकदाची हलली असं म्हणून त्याने आबांच्या ताटलीत सगळ्यांत मोठा तुकडा वाढला. आबांनी तो संपवला, छान आहे म्हणाले.

आणि मग घर गप्प झालं. आबा ठरल्या वेळी उठत, चहा घेत, कॉम्प्युटर उघडत. मोडायला काही उरलं नव्हतं. वही कपाटात गेली. आबा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसत आणि तेच पान कितीतरी वेळ समोर धरत. फोन शेजारी टेबलावर पडलेला असे, पालथा नाही, उताणा. सूनबाई आतून सगळं बघत होती. हवं होतं ते सगळं मिळूनही तिला घास गोड लागेना. कुणाला तरी सांगून आबांना फोन करायला लावावा असं तिच्या मनात दहादा आलं, पण आबांच्या ते लक्षात येईल आणि मग ते कधीच माफ करणार नाहीत, हेही तिला माहीत होतं. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सकाळी ती भांडी विसळत होती तेव्हा फोन वाजला. स्पीकरवर बियाणंवाल्यांचा आवाज आला. ते जरा घाबरलेले वाटले. नवी आवृत्ती आल्याचं कळलं आणि तुमचा फोन नाही, असं सहा वर्षांत कधी झालं नव्हतं, तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं.

"तब्येत उत्तम आहे," आबा म्हणाले. "या खेपेला काही मोडलंच नाही. म्हणून नाही केला."

पलीकडे खाकरल्याचा आवाज झाला. "आबा, एक सांगायचं होतं. बरेच दिवस मनात होतं. माझी साइट चौकटीवर नाही. चार वर्षं झाली."

सूनबाईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

"माहीत आहे मला," आबा म्हणाले. "पानाच्या पोटात चौकटीची खूण असते. सकाळच्या चहाबरोबर मी सगळ्यांच्या साइटी बघतो. तुमची खूण गेली त्या दिवशीच कळलं."

"मग फोन का करत होतात?"

"तुम्ही का घेत होता?"

बियाणंवाले हसायला लागले. आबाही हसले. मग टोमॅटोच्या रोपांची पानं कडेने पिवळी पडतायत असं काहीतरी निघालं आणि त्यावर पाऊण तास गेला.

फोन संपल्यावर सूनबाई ओल्या हातांनीच बाहेर आली. आबा पेपरची घडी करत होते.

"एकोणीस जण गेलेत," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुला किती सापडले?"

"एकोणीस."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

आबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवण्याची त्यांनी फारशी धडपड केली नाही. सूनबाईने हात पदराला पुसले आणि त्यांच्या शेजारी बसली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. पियानोवाल्यांचं नाव दिसत होतं. आबांचा हात झटकन फोनवर गेला आणि तिथेच थांबला.

"घ्या ना, आबा."

"दोनदा वाजू दे," आबा म्हणाले. "वाट बघत बसलो होतो असं वाटायला नको."